फोडणीवर खापर फोडण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४६ वर्षांच्या एक ताई लिहितात. मिस्टर ५१ वर्षांचे, बँकेत नोकरीला. दारूचा थेंब नाही, घर शाकाहारी. दोन महिन्यांपूर्वी पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर 'फॅटी लिव्हर ग्रेड टू' निघालं. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कमरेचा घेर ९७ सेंटिमीटर. लिव्हरच्या रक्ततपासण्या एसजीपीटी ६२ आणि एसजीओटी ४१, प्लेटलेट्स २ लाख ३० हजार, ट्रायग्लिसराइड २४०, तीन महिन्यांची साखर ६.१. रिपोर्ट आल्यापासून सासूबाई म्हणतात, तुझ्या फोडण्यांनी केलं हे. पुतण्याने व्हिडिओ पाठवला की करडई, सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांमधल्या ओमेगा-सिक्स नावाच्या स्निग्धाम्लामुळे (फॅटी अॅसिडमुळे) अंगात सूज येते आणि तीच लिव्हरला खाते. मग ताईंनी चार माणसांचं महिन्याचं चार लिटर तेल एक लिटरवर आणलं, त्याऐवजी तूप वाढवलं, सकाळी गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या, आणि लिव्हरला नको म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. मिस्टर बेचव जेवणाला वैतागून बँकेसमोर वडापाव खातात. ताई विचारतात: "माझ्या हातच्या जेवणानं माझ्या माणसाचं लिव्हर बिघडलं का? सूज उतरायला फिश ऑइल देऊ का? अजून कडक होऊ का? माझंही वजन वाढलंय, शुगर बॉर्डरला आहे. पण माझं राहू द्या, आधी यांचं सांगा."

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याचं ओझं घेऊन तुम्ही दोन महिने ओट्याशी उभ्या आहात. नाही. तुमच्या फोडणीनं त्यांचं लिव्हर बिघडलेलं नाही.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. लिव्हरमध्ये साठलेली चरबी येते कुठून, हे मोजून पाहिलेलं आहे. २००५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या नऊ रुग्णांना काही दिवस खुणेचे अणू जोडलेले पदार्थ दिले आणि मग त्यांच्या लिव्हरच्या तुकड्यात त्या खुणा शोधल्या. तिथल्या चरबीपैकी ५९ टक्के रक्तात फिरणाऱ्या मोकळ्या स्निग्धाम्लांतून आलेली होती, आणि ही स्निग्धाम्लं बहुतेक करून अंगावरच्याच चरबीतून सुटलेली असतात. २६ टक्के चरबी लिव्हरनं स्वतः बनवली होती, मुख्यतः साखर आणि पिठूळ पदार्थांपासून. जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली होती १५ टक्के. अंगावरची चरबी शेवटी खाल्ल्यातूनच येते, हे मला मान्य आहे. पण ती काही एका कढईतून आलेली नाही. पंचवीस वर्षं खुर्चीत बसून केलेलं काम, काउंटरवर येणारा गोड चहा, रात्री दहाला होणारं जेवण, आईवडिलांकडून आलेला बांधा, सगळ्यांनी मिळून ती आणली. या सगळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांसमोर रोज एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे तुमची फोडणी. म्हणून बोट तिच्याकडे गेलं.

आता 'सूज' या शब्दाकडे येते. पुतण्याच्या व्हिडिओतला हा शब्द खोटा नाही. लठ्ठपणातून होणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये सूज असतेच, आणि स्निग्ध पदार्थांपासून बनणारी रसायनं तिच्यात मोठा वाटा उचलतात. फक्त त्या व्हिडिओनं सुजेची सुरुवात चुकीच्या जागी दाखवलीय.

शिकत असताना आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी एका लठ्ठ माणसाच्या पोटातल्या चरबीची काचपट्टी दाखवली होती. चरबीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या दिसतात, कारण पट्टी तयार करताना आतली चरबी विरघळून जाते. उरतात नुसत्या कडा, कपड्यांच्या बादलीतल्या साबणाच्या फेसासारख्या. त्या फेसात मध्येच एका बुडबुड्याभोवती जांभळ्या ठिपक्यांचं दाट कडं होतं. सर म्हणाले, ही पेशी मेलीय आणि हे तिच्याभोवती जमलेले सफाई कामगार. चरबीची पेशी फुगत जाते, रक्त तिच्यापर्यंत नीट पोचेनासं होतं, काही पेशी मरतात, आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी ती घाण उचलायला येतात. दोनचार आल्या तर काम उरकून जातात. पण रोजच पेशी मरत राहिल्या तर त्या तिथेच मुक्काम ठोकतात आणि आणखी कुमक बोलावत राहतात. ही ती सूज. हात लावून कळत नाही, ताप येत नाही, दुखत नाही. वर्षानुवर्षं धुमसत राहते.

त्यातून लिव्हरपर्यंत कसं पोचतं ते बघा. इन्शुलिन रक्तातली साखर उतरवतं एवढंच आपण ऐकलेलं असतं. त्याचं दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे चरबीच्या कोठाराचं दार लावून ठेवणं. जेवण झालं की इन्शुलिन वाढतं आणि कोठाराला सांगतं, आता बाहेर काही पाठवू नकोस. सुजलेल्या चरबीला हा निरोप नीट ऐकू येत नाही. सुजेच्या पेशींतून निघणारं टीएनएफ नावाचं प्रथिन या निरोपात अडथळा आणतं, हे १९९३ मध्येच लठ्ठ उंदरांमध्ये दिसलं होतं. दार किलकिलं राहतं, स्निग्धाम्लं रात्रंदिवस पाझरत राहतात आणि रक्तातून लिव्हरकडे येतात.

लिव्हर बिचारं काय करतं? आलेला माल ट्रायग्लिसराइडच्या थेंबांत बांधून बाजूला ठेवतं. सोनोग्राफीत जी 'चरबी' दिसते ती हीच. माझ्या ओपीडीतल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की हे थेंबच विष आहेत. तसं नाही. २००७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. लिव्हरला चरबीचे थेंब बांधायला लागणारं एक एन्झाइम दाबून टाकलं. लिव्हरमधली चरबी कमी झाली, पण इजा आणि व्रण वाढले. म्हणजे माल बांधून ठेवणं हा लिव्हरचा बचाव होता. खरा त्रास न बांधलेल्या मालाचा. बांधायची ताकद संपली की उरलेल्या स्निग्धाम्लांपासून सेरामाइड आणि डायअसिलग्लिसेरॉल अशी रसायनं बनतात. ती लिव्हरच्या पेशीतही इन्शुलिनचा निरोप अडवतात, पेशीला इजा करतात. मग लिव्हरमध्ये मुक्कामाला असलेल्या कुप्फर नावाच्या सफाई पेशी खवळतात आणि त्यांच्या हाकेनं आणखी एका जातीच्या पेशी व्रणाचे धागे विणू लागतात. या धाग्यांना फायब्रोसिस म्हणतात. पुढचं सगळं भवितव्य चरबीपेक्षा या धाग्यांवर ठरतं.

आता ओमेगा-सिक्सचा मुद्दा. पुतण्या म्हणतो ते कुठून आलं, हे त्यालाही कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात अॅराकिडोनिक अॅसिड नावाचं एक ओमेगा-सिक्स स्निग्धाम्ल विणलेलं असतं. पेशीला धोका जाणवला की ते सुटं होतं, आणि त्यापासून दोन वाटांनी सुजेची रसायनं बनतात. एका वाटेनं प्रोस्टाग्लँडिन, दुसऱ्या वाटेनं ल्युकोट्रिन. डोकेदुखीवर आपण अॅस्पिरिन घेतो ते पहिली वाट अडवतं. दम्यासाठी मुलांना देतात ती माँटेलुकास्टची गोळी दुसऱ्या वाटेवरच्या काही ल्युकोट्रिनना अडवते. त्याच वाटेवरचं आणखी एक, ल्युकोट्रिन बी-फोर, पांढऱ्या पेशींना 'इकडे या' म्हणून हाक मारतं. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या लिव्हरमध्ये, स्नायूंत आणि चरबीत हे ल्युकोट्रिन जास्त असतं, आणि त्याची हाक ऐकणारा रिसेप्टर बंद केला तर सूज उतरते, इन्शुलिन पुन्हा नीट काम करतं. उंदरांमधलं का होईना, काम मोलाचं आहे.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मग ओमेगा-सिक्सचं तेल बंद केलं की झालं. इथेच घसरायला होतं. करडईच्या तेलात असतं ते लिनोलेइक अॅसिड, तेही ओमेगा-सिक्सच, पण वेगळं. त्याचं अॅराकिडोनिकमध्ये रूपांतर फार थोडं होतं आणि शरीर ते मापात ठेवतं. माणसांना लिनोलेइक जास्त खाऊ घातलं म्हणून रक्तातल्या सुजेच्या खुणा वाढत नाहीत, हे अनेकदा तपासून झालंय. पेशीतला अॅराकिडोनिकचा साठा सर्वांकडेच असतो. तो उधळायची हाक कोण देतं, हा प्रश्न आहे, आणि ती हाक येते फुगलेल्या, मरणाऱ्या चरबीच्या पेशीकडून. तेल बदलून ती हाक थांबत नाही.

आणि तुपाबद्दल मला तुम्हाला स्पष्ट सांगावं लागेल, ताई. तुम्ही तेल काढून तूप घातलंत, ते मनापासून केलंत, पण लिव्हरच्या दृष्टीनं ती अदलाबदल उलटी पडते. स्वीडनमधल्या उपसाला इथे ३९ तरुण, सडपातळ माणसांना सात आठवडे रोज जेवणाशिवाय जादा मफिन (छोटे केक) खायला दिले. निम्म्यांचे मफिन सूर्यफुलाच्या तेलातले, निम्म्यांचे पाम तेलातले, म्हणजे तुपासारख्याच घट्ट (सॅच्युरेटेड) स्निग्धातले. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं, दीड किलोच्या आसपास. लिव्हरमधली चरबी मात्र पाम तेलवाल्यांची कितीतरी जास्त वाढली. हे २०१४ सालचं. २०१८ मध्ये फिनलंडमध्ये जास्त वजनाच्या माणसांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा दिल्या. लोणी, चीज, नारळाचं तेल अशा घट्ट स्निग्धावर असलेल्यांची लिव्हरची चरबी ५५ टक्के वाढली, साखरेवर असलेल्यांची ३३ टक्के, आणि पातळ तेल व अक्रोडासारख्या सुक्या मेव्यावर असलेल्यांची १५ टक्के. घट्ट स्निग्ध खाणाऱ्यांच्या रक्तात सेरामाइडही वाढले, तेच वर सांगितलेले त्रासदायक. तूप या घट्ट गटातलं आहे. वरणभातावर चमचाभर तूप घेऊन कुणाचं काही बिघडत नाही, मी स्वतः घेते. पण तेलाच्या जागी तूप, हा औषधोपचार नव्हे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, जे पूर्वी वापरत होतात ते खुशाल पुन्हा आणा. चार माणसांना महिन्याला चार लिटर थोडं जास्त होतं हे खरं. अडीच-तीन लिटरवर या. फोडणी तशीच राहील, तळण आठवड्यातून एकदावर येईल. एक लिटरवर आणलंत आणि माणूस वडापावच्या गाडीवर गेला, तिथे पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण नि मैद्याचा पाव पोटात गेला, यात कुणाचाच फायदा झाला नाही.

पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंत की "हे काही जाडे नाहीत, फक्त पोट आहे." आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. ७४ किलो आणि १६८ सेंटिमीटरचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, येतो २६.२. पाश्चात्त्य कोष्टकात याला नुसतं 'वजन जरा जास्त' म्हणतील, पण भारतीयांसाठी २३ ला वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो. पुरुषांची कमर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे शेजारी शेजारी उभे असलेले फोटो छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. त्वचेखालचं कोठार लवकर भरतं आणि पाझर लवकर सुरू होतो. तेव्हा 'फक्त पोट आहे' या वाक्यातला 'फक्त' आपण काढून टाकू या.

सासूबाईंना शेजारणीनं विचारलं, "पितो का गं तुझा मुलगा?" आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत, हे वाचून मला वाईट वाटलं. त्यांचा राग तुमच्यावर निघतो त्याची मुळी कदाचित तिथे आहे. त्यांना सांगा, हा आजार न पिणाऱ्यांचाच इतका आहे की २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मधुमेह, हृदयविकार, कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याचा समावेश केला. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये त्याचं नावच बदललं. आधीच्या नावात 'दारूशिवाय' असा उल्लेख होता, आता चयापचयाच्या बिघाडाचा आहे. नवं नाव लांबलचक आहे, डॉक्टर 'मॅसल्ड' म्हणतील.

आता रिपोर्टवर येते. 'ग्रेड टू' या शब्दानं तुमची झोप गेलीय. सोनोग्राफीचा ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती उजळ दिसतं त्याचा अंदाज. व्रण किती आहेत ते त्यात कळत नाही. त्याचा पहिला अंदाज घ्यायला एक साधं गणित आहे, फिब-फोर. तुमच्याकडच्या आकड्यांवरच करून दाखवते. वय ५१ गुणिले एसजीओटी ४१, आले २०९१. एसजीपीटी ६२ चं वर्गमूळ साधारण ७.९, त्याला प्लेटलेट्सच्या २३० नं (हजारांतला आकडा) गुणलं की १८१० च्या आसपास. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर १.१५. हा आकडा १.३ च्या खाली असला की मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या तज्ज्ञांकडे जायचं, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेघ २ धरतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांचं लिव्हर आज सुधारता येण्यासारख्या जागी आहे. तरी डॉक्टरांना हा आकडा दाखवा, साखर बॉर्डरला आहे म्हणून एक-दोन वर्षांनी पुन्हा काढा. हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. व्रण असूनही ते नॉर्मल असू शकतं.

कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत, ती मात्र तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट आहे. फॅटी लिव्हरच्या माणसाच्या जिवाला सर्वाधिक धोका लिव्हरकडून नसतो, हृदयाकडून असतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या, फॅटी लिव्हरमध्ये सुरक्षित आहेत, जगभर दिल्या जातात. या आठवड्यातच ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना भेटा आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारा.

काढा आणि कॅप्सूल आजच थांबवा. गुळवेल आपल्या घरांत आजीच्या काळापासून आहे, त्यामुळे हे पटायला जड जाईल. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल नियमित घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. माझं म्हणणं एवढंच की ज्याचं लिव्हर आधीच त्रासात आहे त्याच्यावर हा वाद सोडवायची जबाबदारी टाकू नये. हळदीचंही तसंच. आमटीतली चिमूटभर हळद राहू द्या. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलनं मात्र काही जणांच्या लिव्हरला गंभीर इजा झालेली आहे. '२१ दिवसांत लिव्हर डिटॉक्स'च्या जाहिरातींकडे वळूनही बघू नका.

फिश ऑइल? ओमेगा-थ्रीपासून शरीर रिझॉल्व्हिन नावाची रसायनं बनवतं, ती सुजेला आवरतं घ्यायला लावतात, हे शास्त्र खरं आहे. फिश ऑइलनं रक्तातली ट्रायग्लिसराइड उतरतात, लिव्हरची चरबी थोडी कमी होऊ शकते, पण लिव्हरची सूज किंवा व्रण त्यानं हटतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्या पैशांतून जवस आणा, भाजून चटणी करा, भाकरीबरोबर रोज चमचाभर घ्या. जवसातलं ओमेगा-थ्री माशातल्यासारखं थेट कामाचं नसतं, थोडंच रूपांतरित होतं, तरी ती चटणी लोणच्या-फरसाणाची जागा घेईल, हाही फायदाच. अॅस्पिरिनबद्दलही कुणीतरी सांगेल. २०२४ मध्ये ८० जणांवरच्या एका चाचणीत रोजच्या छोट्या डोसनं लिव्हरची चरबी कमी झाली खरी. पण ८० म्हणजे फार थोडे, आणि अॅस्पिरिननं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. स्वतःहून सुरू करू नका. व्रण वाढलेल्यांसाठी अलीकडे नवी औषधं आली आहेत. तुमच्या घरी आज त्यांची गरज दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

मग करायचं काय? मला तुमच्या पत्रात तेलापेक्षा दुसरीच एक ओळ मोठी दिसली: "चहा बँकेत तीनदा, घरी दोनदा, बाकी काही व्यसन नाही." पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा मोठा हिस्सा लिव्हरवरच येऊन पडतो आणि जास्त झाला की त्याचीच चरबी बनते. वरचे २६ टक्के आठवा. आज दोन चमच्यांचा दीड करा, पंधरा दिवसांनी एक. बँकेतला चहा त्यांनी स्वतः बदलायचा, तो तुमच्या हातात नाही. जिभेला एका महिन्यात सवय होते. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट बंद झाले तर त्यात साखर, मैदा आणि घट्ट स्निग्ध असे तिन्ही एकदम जातात. जेवणात पोळ्या मोजत बसण्यापेक्षा आधी उसळ-कोशिंबीर निम्मं ताट भरू द्या, मग पोळी-भाकरी येऊ द्या. उपवासाचा साबुदाणा हा निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. त्या दिवशी ताक, दाणे, फळ, राजगिरा चालतो.

वजनाचं गणित तुमच्या मिस्टरांपुढे ठेवाच. त्यांना आकड्यांची भाषा कळते. ७४ किलोंतले साडेतीन-चार किलो उतरले की लिव्हरची चरबी कमी होते. पाचच्या वर गेले की लिव्हरमधली सूज शमायला लागते. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर काम झालं, सुजेची अवस्था गाठलेल्यांवर. त्यांतल्या ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे व्रणही मागे हटले. कोठार रिकामं होतं, पेशी मरायच्या थांबतात, हाका थांबतात. अॅराकिडोनिक जिथल्या तिथे राहतं, ते सुटं करायला कुणी सांगत नाही. महिन्याला दोन-तीन किलोंपेक्षा घाई मात्र नको. उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि लिव्हरवरही ताण येतो. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालणं, सोबत खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड असं दोन-तीन दिवस. वजनकाटा हलला नाही तरी चालण्यानं लिव्हरची चरबी कमी होते, म्हणून काट्यावर रागावून चालणं सोडायचं नाही.

'अजून कडक होऊ का' असं विचारलंत. माझ्या मते थोड्या सैल व्हा. ५१ वर्षांच्या माणसाचं लिव्हर एकट्या बायकोनं, त्याला न विचारता, कढईतून दुरुस्त करायचं, हे गृहीतच मला पटत नाही. तुम्ही तेल लपवलंत, त्यांनी वडापाव लपवला. रविवारी दोघं बसा. "तुम्ही असं खाता म्हणून" हे वाक्य नको. हे फिब-फोरचं गणित त्यांना स्वतः करू द्या, शिवणाची टेप त्यांच्या हातात द्या, बेंबीच्या रेषेत कमर त्यांनी स्वतः मोजू दे. मग विचारा, चहा, चालणं आणि वडापाव यांतलं पहिलं काय बदलणार? ते म्हणतील ते. वडापाव आठवड्यातून एकदा असं ठरलं तर त्या एका वडापावाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, सासूबाईंनीही नाही. तुमची फोडणी पूर्वीसारखी चुरचुरू दे. घरचं जेवण चवीचं असेल तरच माणूस घरी जेवतो.

आणि आता ते तुमचं शेवटचं वाक्य. "माझं राहू द्या." ताई, वय ४६, वजन वाढतंय, साखर बॉर्डरला, पाळी जाण्याच्या आसपासची वर्षं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार झपाट्यानं वाढतो. तुमची सोनोग्राफी झालेली नाही, कारण तुमचं पोट दुखलं नाही. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून रात्री कुणाच्या पोटात जातो, दुपारचं जेवण तीन वाजता उभ्यानं कोण उरकतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी तीस वर्षं बायकांच्या रांगेसमोर बसतेय. ज्या दिवशी मिस्टरांच्या तपासण्या कराल त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये, तुमच्याही करा: उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची साखर, लिपिड, एसजीपीटी, एसजीओटी, सीबीसी. संध्याकाळी चालायला दोघं जा, भांडी तासभर थांबतील.

टेप घरात आहेच. त्यांची कमर मोजायच्या आधी ती स्वतःभोवती धरा आणि आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांनी मला पुन्हा पत्र पाठवा, आणि त्यात पहिला आकडा तुमचा असू द्या.